सीरममध्ये वाढतात, प्लाझ्मात थांबतात: फायब्रोब्लास्ट पेशींना मिळणाऱ्या निरोपाचं प्रकरण

पेशी वाढवण्याच्या कुठल्याही प्रयोगशाळेत जा, फ्रीझरमध्ये पिवळसर द्रवाच्या बाटल्या रांगेनं ठेवलेल्या दिसतील. वासराच्या गर्भाच्या रक्तापासून काढलेलं ते सीरम. माणसाच्या कातडीच्या तुकड्यातून वेगळ्या केलेल्या फायब्रोब्लास्ट पेशी वाढवायच्या असतील, तर गुलाबी पोषकद्रवात हे सीरम बहुधा दहा टक्के मिसळतात. पोषकद्रवात साखर, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं, क्षार असं सगळं आधीपासूनच असतं. तरीही सीरम वगळलं की पेशींची वाढ थांबते. पेशी मरत नाहीत. बशीच्या तळाला चिकटून, लांबट आणि टोकदार आकारात, शांत पडून राहतात. पुन्हा सीरम घाला, साधारण एका दिवसात त्यांचं विभाजन सुरू होतं.

नव्यानं हे काम शिकणाऱ्याला वाटतं की सीरम म्हणजे पेशींचं खत. शेताला शेणखत, तसं पेशींना सीरम. हा समज फार जुना आहे आणि बराच काळ शास्त्रज्ञांचाही तोच होता. तो मोडला एका साध्या तुलनेनं: तेच रक्त, पण एकदा गोठू दिलेलं आणि एकदा न गोठू दिलेलं. संयोजी ऊतींच्या पेशींची वाढ रासायनिक निरोपांवर कशी चालते हे समजून घ्यायला याहून चांगलं प्रकरण मला माहीत नाही, म्हणून ते इथे पहिल्यापासून मांडतो.

आधी पेशी कोणती, ते

कातडीच्या आतला थर, स्नायूबंध, अस्थिबंध, अवयवांभोवतीची आवरणं, रक्तवाहिन्यांचं अस्तर ज्यावर बसतं तो आधार, हे सगळं संयोजी ऊतींचं काम. त्यातली कष्टकरी पेशी म्हणजे फायब्रोब्लास्ट. कोलॅजेनचे धागे तीच विणते, जुने झालेले धागे तीच काढून टाकते. निरोगी माणसाच्या कातडीत मात्र ती क्वचितच दुभंगते. वर्षानुवर्षं एकाच जागी बसून थोडीफार डागडुजी करत राहते. आणि त्याच कातडीला विळी लागली, की दोन-तीन दिवसांत जखमेच्या कडांवरच्या फायब्रोब्लास्ट जाग्या होतात, आत सरकतात, दुभंगतात आणि आठवड्याभरात खड्डा लालसर कोवळ्या मांसानं भरू लागतात. 'मांस धरतंय, आता काळजी नाही,' असं जखम पाहून डॉक्टर म्हणतात ते हेच.

म्हणजे प्रश्न असा: इतकी वर्षं गप्प असलेल्या पेशीला उठायची वर्दी कोण देतं? आणि काम झाल्यावर थांबायला कोण सांगतं?

तेच रक्त, दोन द्रव

रक्त नळीत नुसतं ठेवलं की गोठतं. गुठळी आकसते आणि वर पिवळसर पाणी सुटतं, ते सीरम. रक्तात सायट्रेट (हा क्षार गोठण्याला लागणारं कॅल्शियम अडवून धरतो) घालून ते गोठू दिलं नाही आणि यंत्रात फिरवून पेशी खाली बसवल्या, तर वर राहतो तो प्लाझ्मा, आपल्या पाठ्यपुस्तकांतला रक्तद्रव. दिसायला दोन्ही जवळपास सारखेच. खाद्य म्हणून पाहिलं तर प्लाझ्मा काकणभर सरसच, कारण गोठताना खर्ची पडणारी प्रथिनंही त्यात शाबूत असतात.

आता एक गोष्ट लक्षात घ्यावी, कारण सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे. शरीरातल्या पेशींभोवती जो ओलावा असतो, तो प्लाझ्मातूनच पाझरलेला. धडधाकट ऊतीतल्या फायब्रोब्लास्टची सीरमशी गाठ पडतच नाही. सीरम तिच्यापर्यंत पोचतं ते रक्त सांडून गोठतं तेव्हा. प्रयोगशाळेत आपण पेशींना जो 'खुराक' देतो, तो शरीराच्या हिशेबानं आणीबाणीचा द्रव आहे.

१९७१ साली सॅम्युएल बाल्क यांनी कोंबडीच्या फायब्रोब्लास्ट सीरममध्ये आणि प्लाझ्मामध्ये वाढवून पाहिल्या. सीरममध्ये त्या वाढल्या, प्लाझ्मामध्ये सामान्य पेशी जवळपास थांबून राहिल्या. रक्त गोठताना काहीतरी सुटत असावं आणि जखमेच्या जागी तेच पेशींना जागं करत असावं, असा त्यातून अंदाज निघत होता. पण नेमकं कशातून काय सुटतं, हे उरलं होतं.

सिॲटलचा प्रयोग, १९७४

ते काम वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रसेल रॉस यांच्या गटानं केलं. रॉस मूळचे दंतवैद्य. पुढे ते जखमा कशा भरतात याच्या अभ्यासाकडे वळले, आणि तिथून धमन्यांच्या आतल्या बाजूला साचणाऱ्या थरांकडे. धमनीच्या अस्तराला इजा झाली की तिथे प्लेटलेट चिकटतात आणि खालच्या स्नायूपेशी वाढू लागतात, असा त्यांचा विचार होता. म्हणून त्यांनी फायब्रोब्लास्टच्या जवळच्या नात्यातली पेशी घेतली: माकडाच्या धमनीतली मऊ स्नायूपेशी.

प्रयोगाची आखणी मला फार सुंदर वाटते. साधा प्लाझ्मा आणि सीरम यांची तुलना केली असती, तर कोणीही म्हणालं असतं की फरक गोठण्याचा आहे, सायट्रेटचा आहे, कॅल्शियमचा आहे. म्हणून त्यांनी प्लाझ्मामधून प्लेटलेट काढून टाकल्या, मग त्यात कॅल्शियम परत घातलं आणि तो प्लाझ्माही गोठवला. आता दोन्ही द्रव गोठलेल्या रक्तातून आलेले. फरक एकच, एकात गोठताना प्लेटलेट हजर होत्या आणि दुसऱ्यात नव्हत्या. दोन्ही द्रव पातळ पडद्यातून गाळून त्यांतले छोटे रेणूही काढून टाकले होते, म्हणजे साखर-क्षारांचा प्रश्न मिटला.

नेहमीच्या सीरममध्ये पेशी भराभर वाढल्या. प्लेटलेट काढलेल्या सीरममध्ये वाढ फारच कमी. मग त्याच प्लाझ्मात प्लेटलेट परत घालून गोठवलं, तेव्हा वाढ पहिल्याइतकी झाली. शेवटी प्लेटलेट वेगळ्या धुऊन घेतल्या, थ्रॉम्बिन या विकरानं त्यांना डिवचलं आणि फक्त वरचं पाणी पेशींना दिलं. त्यातही तो गुण उतरला होता. म्हणजे प्लेटलेट स्वतः लागत नाहीत, त्या जे ओकतात ते लागतं.

त्याच वर्षी कोहलर आणि लिप्टन यांनी उंदराच्या फायब्रोब्लास्टवर हाच निष्कर्ष काढला. १९७६ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे वेस्टरमार्क आणि वास्टेसन यांनी माणसाच्या मेंदूतल्या आधारपेशींवर प्लेटलेटचा असाच परिणाम दाखवला. वेगवेगळ्या पेशी, वेगवेगळे देश, पण बोट एकाच ठिकाणी.

प्लेटलेट म्हटलं की आपल्याकडे आधी डेंग्यू आठवतो. 'काउंट किती आला?' हा पावसाळ्यातला घरोघरचा प्रश्न. एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते चार लाख प्लेटलेट असतात. आठ-दहा दिवस फिरतात आणि संपतात. त्यांना केंद्रक नसतं. पण पोटात पुड्या बांधलेल्या असतात, अल्फा कण नावाच्या, आणि जखमेपाशी त्या फुटतात. रक्तस्राव थांबवणं हे त्यांचं काम शाळेत शिकवतात. दुरुस्तीची वर्दी देणं हे दुसरं काम तिथे राहून जातं, आणि ते राहू नये असं मला मनापासून वाटतं.

पुडीतला पदार्थ

हा पदार्थ शुद्ध करणं किचकट होतं, कारण तो अत्यल्प असतो. सीरमच्या एका मिलिलिटरमध्ये तो नॅनोग्रॅममध्ये मोजावा लागतो. दोन गोष्टी मात्र सोयीच्या निघाल्या: तो उकळत्या पाण्याच्या तापमानालाही टिकतो आणि आम्लातही टिकतो. बाकीची प्रथिनं शिजून खाली बसतात, हा उरतो. बोस्टनमध्ये अँटोनियाडिस, शेर आणि स्टाइल्स यांनी, तर उप्सालामध्ये हेल्डिन, वेस्टरमार्क आणि वास्टेसन यांनी १९७९ साली माणसाच्या प्लेटलेटमधून तो वेगळा केल्याचं जाहीर केलं. वजन सुमारे तीस हजार डाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक), दोन साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जखडलेल्या. ते बंध तोडले की गुण गेला. प्लेटलेटमधून आलेला वाढघटक, इंग्रजी आद्याक्षरांनी पीडीजीएफ, हे नाव त्याला चिकटलं.

नाव थोडं फसवं आहे, कारण पुढे कळलं की तो फक्त प्लेटलेट बनवत नाहीत. मॅक्रोफेज या भक्षक पांढऱ्या पेशी बनवतात, रक्तवाहिनीचं अस्तर बनवतं, काही वेळा फायब्रोब्लास्ट स्वतःही बनवतात. रक्तात मोकळा सुटला तर तो काही मिनिटांतच नाहीसा होतो. म्हणजे निरोप जखमेच्या आसपासच राहतो. पायाला ठेच लागली म्हणून हाताची कातडी वाढायला लागत नाही.

पेशीच्या बाजूनं काय घडतं ते थोडक्यात. पेशीच्या पडद्यावर या घटकासाठी ग्राही, म्हणजे निरोप धरणारी प्रथिनं, असतात. घटकाला दोन साखळ्या आहेत, म्हणून तो एकाच वेळी दोन ग्राहींना धरतो आणि त्यांना शेजारी आणतो. शेजारी आलेले ग्राही पडद्याच्या आतल्या बाजूला एकमेकांवर फॉस्फेट चढवतात. त्या फॉस्फेटच्या खुंट्यांवर आतली प्रथिनं येऊन लटकतात आणि निरोप केंद्रकापर्यंत जातो. घटक स्वतः पेशीत शिरून काही करत नाही. तो दाराची कडी वाजवतो, बाकीचं काम घरातली माणसं करतात.

एक निरोप पुरत नाही

माझ्या मते प्रकरणातला सगळ्यात शिकवणारा भाग हा.

बोस्टनमध्ये प्लेजर, स्टाइल्स, अँटोनियाडिस आणि शेर यांनी १९७७-७८ मध्ये उंदराच्या थांबलेल्या फायब्रोब्लास्टना प्लेटलेटचा अर्क फक्त थोडा वेळ दिला आणि धुऊन काढला. त्यानंतर पेशी नुसत्या पोषकद्रवात ठेवल्या, तर डीएनएची नक्कल सुरू झाली नाही. पण धुतल्यावर त्यांना प्लेटलेटविरहित प्लाझ्मा दिला, तर सुमारे बारा तासांनी नक्कल सुरू झाली. अर्क न देता नुसताच प्लाझ्मा दिला, तर काहीच घडलं नाही. आणि प्लेटलेटचा अर्क मिळालेली पेशी प्लाझ्मा मिळेपर्यंत काही तास थांबली, तरी पहिला निरोप ती विसरली नव्हती.

म्हणजे दोन टप्पे. पहिल्या निरोपानं पेशी 'सक्षम' होते, दुसऱ्यानं 'पुढे जाते'. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही: मृगाचा पाऊस झाल्याशिवाय पेरणी नाही, आणि नुसत्या मृगाच्या सरीवर पीकही नाही.

मग प्लाझ्मामधला तो दुसरा घटक कोणता? मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी काढून टाकलेल्या प्राण्यांचा प्लाझ्मा वापरला, तेव्हा पेशी पुढे गेल्या नाहीत. त्यात सोमॅटोमेडिन-सी घातलं, की गेल्या. सोमॅटोमेडिन-सी म्हणजे आज आपण ज्याला इन्सुलिनसारखा वाढघटक-१ म्हणतो तो. वाढीच्या संप्रेरकाच्या हुकुमावरून मुख्यतः यकृत तो रक्तात सोडतं. या जुळणीत शहाणपण दिसतं. पहिला निरोप स्थानिक आहे: इथे जखम झाली. दुसरा साऱ्या देहाचा आहे: पोटात अन्न आहे, संप्रेरकं ठीक आहेत, नवं ऊतक बांधणं परवडेल. दोन्ही होकार मिळाल्याशिवाय पेशी दुभंगायचा खर्च करत नाही. उपाशी, खंगलेल्या माणसाची जखम का रेंगाळते, याचा एक धागा इथे सापडतो.

हे सगळं उंदराच्या पेशींवर दिसलं होतं. माणसाच्या फायब्रोब्लास्टवर तेच घडतं का, हे क्लेमन्स आणि व्हॅन वाइक यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तपासलं आणि १९८१ मध्ये मांडलं. दोन्ही घटकांचा परिणाम माणसाच्या पेशींवरही होता, पण एक गुंता निघाला. माणसाच्या फायब्रोब्लास्ट सोमॅटोमेडिन बाहेरून येण्याची वाट पाहत बसत नाहीत. प्लेटलेटचा घटक मिळाला की त्या तसलाच पदार्थ स्वतः तयार करून आजूबाजूला सोडतात. १९८५ मध्ये त्याच जोडीनं त्या पदार्थाला बांधून टाकणारी प्रतिपिंडं पेशींभोवती घातली, तेव्हा डीएनएची नक्कल मंदावली. स्वतःसाठी बनवलेलं ते रसायन खरोखर वापरलं जात होतं, शोभेचं नव्हतं.

म्हणून 'पहिला निरोप स्थानिक, दुसरा देहाचा' हे वर मी लिहिलं ते माणसाच्या पेशीला तंतोतंत लागू नाही. काही दुसरे निरोप ती स्वतःच स्वतःला पाठवते. चित्र थोडं बिघडलं, पण खऱ्याच्या जवळ आलं.

निरोप थांबलाच नाही तर: जुलै १९८३

अमेरिकेत एका पाळीव वूली माकडाच्या गाठीतून पूर्वी एक विषाणू मिळाला होता. तो फायब्रोब्लास्टना कर्करोगी बनवायचा, आणि त्यासाठी जबाबदार असलेल्या जनुकाचं नाव सिस. हे जनुक नेमकं करतं काय, हे कोणाला ठाऊक नव्हतं.

इकडे प्लेटलेटच्या घटकाच्या साखळीतल्या अमिनो आम्लांचा क्रम हळूहळू वाचला जात होता. सॅन डिएगोतले रसेल डूलिटल प्रथिनांचे क्रम गोळा करून संगणकावर एकमेकांशी ताडून पाहत असत. घटकाचा क्रम आणि सिस जनुकाच्या प्रथिनाचा क्रम शेजारी ठेवल्यावर ते जुळले. लंडनमधले वॉटरफील्ड आणि उप्सालाचा गट यांनाही स्वतंत्रपणे तेच दिसलं. दोन्ही निबंध १९८३ च्या जुलैमध्ये आले.

याचा अर्थ अंगावर काटा आणणारा होता. विषाणूनं कुठल्या तरी पूर्वजन्मात माकडाच्या पेशीतून जखमेच्या निरोपाचं जनुक उचललं होतं. ते ज्या पेशीत शिरतं ती पेशी स्वतःच निरोप बनवते आणि स्वतःच तो ऐकते. जखम नसताना जखमेची वर्दी, रात्रंदिवस. कर्करोगाचं जनुक म्हणजे काही परकं विष नव्हे. शरीराचाच एक रोजचा शब्द चुकीच्या जागी सतत उच्चारला जातोय, हे पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं.

माणसात याचं थेट उदाहरण पुढे सापडलं. कातडीच्या आतल्या थरात हळूहळू वाढणारी एक गाठ असते, डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्यूबरन्स. तिच्या पेशींमध्ये १७ आणि २२ या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात. त्यामुळे प्लेटलेट घटकाच्या बी साखळीचं (त्याच्या साखळ्यांच्या प्रकारांपैकी एकीचं) जनुक कोलॅजेनच्या जनुकाला जाऊन जोडलं जातं, हे १९९७ मध्ये दाखवलं गेलं. फायब्रोब्लास्टच्या घराण्यातली पेशी कोलॅजेन तर सतत बनवणारच. त्याच्या पाठोपाठ आता वाढीचा निरोपही बनू लागतो. शस्त्रक्रिया हाच तिथला मुख्य उपचार. पण जिथे ती शक्य नाही तिथे इमॅटिनिब हे औषध देतात. ते ग्राहीचं फॉस्फेट चढवण्याचं काम अडवतं. अमेरिकेत या गाठीसाठी त्याला २००६ मध्ये मान्यता मिळाली. निरोप चालूच राहतो, दार मात्र बंद केलेलं असतं.

एकच रसायन, दोन अर्थ

आतापर्यंतच्या मांडणीवरून वाटेल की अमुक रसायन म्हणजे 'वाढ' आणि अमुक म्हणजे 'थांब'. तसं नाही, हे दाखवायला प्लेटलेटच्या त्याच पुडीतला दुसरा पदार्थ पुरे: रूपांतरक वाढघटक बीटा, म्हणजे टीजीएफ-बीटा. फायब्रोब्लास्टकडून कोलॅजेन बनवून घेण्यात याच्याइतका जोरकस पदार्थ क्वचित असेल. पण वाढीच्या बाबतीत तो कधी चालना देतो, कधी अडवतो.

१९९० मध्ये बॅटेगे आणि रॉस यांच्या गटानं माणसाच्या फायब्रोब्लास्ट, मऊ स्नायूपेशी आणि कूर्चापेशी यांना हा घटक कमी-जास्त प्रमाणात दिला. थोडा दिला तर पेशी वाढल्या. जास्त दिला तर ती वाढ ओसरली. उलगडा असा: थोड्या प्रमाणात तो पेशींना पीडीजीएफचा एक प्रकार स्वतः बनवायला लावतो आणि त्या निरोपावर पेशी वाढतात. प्रमाण चढलं की त्या निरोपाचा ग्राहीच पेशीवर कमी होतो, म्हणून निरोप असूनही ऐकू येत नाही. ताटात मीठ किती, यावर चव ठरते तसं. त्याआधीच्या वर्षी इंटरल्यूकिन-१ या दाहाच्या रसायनाबद्दलही असंच दिसलं होतं: ते फायब्रोब्लास्टना वाढवतं ते थेट नव्हे, त्यांच्याकडूनच पीडीजीएफ बनवून घेऊन.

आपल्याकडे कान टोचल्यावर काहींच्या पाळीवर केलॉइडची गाठ वाढते, कापली तरी पुन्हा येते. तिथे या टीजीएफ-बीटाचा हात मोठा मानला जातो. जखम भरून झाली तरी कोलॅजेन विणणं थांबत नाही.

जखमेची गोष्ट ८,६०० जनुकांमध्ये

सीरम म्हणजे जखमेची वर्दी, हा अर्थ १९९९ मध्ये फार मोठ्या पटावर तपासला गेला. स्टॅनफर्डमध्ये विश्वनाथ अय्यर आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या कातडीतल्या फायब्रोब्लास्ट दोन दिवस जवळपास सीरमशिवाय ठेवल्या, मग दहा टक्के सीरम दिलं, आणि पंधरा मिनिटांपासून चोवीस तासांपर्यंत ठरावीक वेळांना ८,६०० हून अधिक जनुकांची हालचाल नोंदवली.

पेशी दुभंगण्याची जनुकं जागी झाली, ते अपेक्षितच होतं. पण त्यांच्या जोडीनं आणखी कितीतरी उठली: रक्त गोठण्याशी संबंधित, नव्या रक्तवाहिन्या बोलावणारी, पांढऱ्या पेशींना हाक मारणारी, वरच्या कातडीच्या पेशींना सरकायला सांगणारी. यातलं बरंचसं फायब्रोब्लास्टला स्वतः दुभंगण्यासाठी लागतच नाही. बशीत ना रक्तवाहिनी होती ना वरची कातडी. तरी पेशी जणू जखमेच्या काठावर उभं राहून शेजाऱ्यांना कामाला लावत होती. सीरम चाखून तिनं एकच निष्कर्ष काढला होता, आणि तिच्या दृष्टीनं तो बरोबर होता.

पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रापासून कुठल्याही महाविद्यालयाच्या छोट्या प्रयोगशाळेपर्यंत, जिथे जिथे फायब्रोब्लास्ट सीरममध्ये वाढवल्या जातात, तिथे हे ध्यानात ठेवावं लागतं. बशीतली 'नेहमीची' पेशी ही नेहमीची नसते, ती जखमी अंगातली पेशी असते. औषधाचा परिणाम तपासताना तुलना कशाशी होतेय, हे त्यावर ठरतं.

पायाच्या जखमेवर

एवढं कळल्यावर पुढची पायरी कोणालाही सुचेल: जी जखम भरत नाही तिच्यावर हा निरोप बाहेरून लावावा. मधुमेहानं पायाला पडलेली जखम महिनोन्महिने चिघळत राहते, आणि अशा जखमांनी बोट, पाऊल, कधी पाय गमावलेली माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. जनुकतंत्रानं यीस्टमध्ये बनवलेली बी साखळीची जोडी जेलमध्ये मिसळून औषध तयार झालं, नाव बेकाप्लर्मिन. ३८२ रुग्णांवर केलेल्या मुख्य चाचणीत वीस आठवड्यांत जेल लावलेल्यांपैकी ५० टक्क्यांची जखम पूर्ण भरली. औषध नसलेलं जेल लावलेल्यांमध्ये ३५ टक्क्यांची. अमेरिकेत १९९७ च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली. वाढीचा निरोप कर्करोगालाही पोसेल का, ही शंका सिसच्या इतिहासामुळे साहजिक होती. २००८ मध्ये औषधावर ठळक इशारा छापला गेला आणि पुढे २०१८ मध्ये तो काढून टाकण्यात आला.

५० आणि ३५ हे आकडे मला दोन्ही बाजूंनी वाचावेसे वाटतात. फरक खरा आहे, आणि पाय वाचलेल्या माणसाला तो आकडा नसतो. पण निरोप रोज हातानं लावूनही निम्म्या जखमा वीस आठवड्यांत भरल्या नाहीत. याचं कारण आपण वर पाहिलेलंच आहे: एक निरोप पुरत नाही. त्यातून जुनाट जखमेत प्रथिनं कापणारी विकरं फार असतात आणि लावलेला घटकही त्यांच्या तावडीत सापडतो. पाऊल बधिर असेल तर माणूस नकळत त्याच जागेवर भार देत चालत राहतो. रक्तपुरवठा कमी असेल तर पेशीला बांधकामाचं सामानच मिळत नाही. हल्ली मुंबई-पुण्यातल्या दवाखान्यांमध्ये रुग्णाच्याच रक्तातून प्लेटलेट घट्ट करून टोचतात, केसांसाठी, गुडघ्यासाठी, जखमेसाठी. कल्पनेचं मूळ सिॲटलच्या त्याच प्रयोगात आहे. पण तिथे डझनावारी रसायनं एकत्र जातात, प्रत्येक दवाखान्याची पद्धत वेगळी, आणि कुठल्या रुग्णाला किती मात्रा पोचली हे सहसा मोजलं जात नाही. विकत घेण्याआधी हे विचारायला हवं.

बेकाप्लर्मिनच्या सुरुवातीच्या चाचणीतून आणखी एक गोष्ट निघाली होती. स्टीड आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये वेगवेगळ्या रुग्णालयांचे निकाल शेजारी ठेवून पाहिले. जिथे डॉक्टर जखमेतलं मेलेलं मांस, कडांची जाड कातडी वारंवार कापून काढत होते, तिथे जखमा जास्त भरल्या होत्या. जिथे हे क्वचित होत होतं, तिथे औषध लावूनही निकाल कमी होते. मेलेलं मांस गेलं की जंतूंचं घर जातं, हे तर आहेच. पण आणखी एक गोष्ट घडते, आणि तिचाही यात वाटा असावा असं मला वाटतं. पातं जिवंत मांसापर्यंत पोचतं तेव्हा जखमेच्या तळाशी रक्ताचे लाल ठिपके उमटतात. शल्यचिकित्सक तिथेच थांबतात, कारण तोच जिवंतपणाचा पुरावा. त्या ठिपक्यांतलं रक्त काही मिनिटांत गोठतं, आणि गोठताना प्लेटलेटच्या पुड्या फुटतात.